द्रौपदीची आंधळी प्रत

द्रौपदी परुळेकर मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे विनी तोंडावर गोड आणि पाठीमागे वेगळी, असं नंतर कुणी म्हणायला नको. मुलुंडच्या एका औषध कंपनीत आम्ही दोघी टायपिस्ट होतो. आज त्याच कंपनीच्या लोकांनी बांधलेल्या सोसायटीत ती तिसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्यावर राहते. माझा फ्लॅट नवऱ्याच्या, झेवियरच्या नोकरीमुळे मिळाला. माझी स्वतःची नोकरी कायम व्हायच्या आधीच गेली होती.

टायपिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे शत्रूनेही कबूल करावं. पण तो तोरा! कोरा कार्बन पेपर ती स्वतःच्या खणात कुलूप लावून ठेवायची आणि आम्हा नव्या पोरींना वापरून पांढरे पडलेले तुकडे द्यायची. प्रत पुसट आली की साहेबांच्या शिव्या आम्हाला. ती शेजारी बसून मालवणी खाजं खात ऐकायची.

गेल्या वर्षी सोसायटीने नोटिसा ईमेलवर पाठवायला सुरुवात केली. गोरेगावला राहणाऱ्या तिच्या मुलाने, सर्वेशने, तिला लॅपटॉप आणून दिला, पण शिकवायला त्याला वेळ नव्हता. तेव्हा बाई लॅपटॉप घेऊन खाली आल्या. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत माझं पाळणाघर चालतं. जेवणं उरकून मुलं झोपली होती. नाही म्हटलं असतं तर तेवढंच बिल्डिंगभर सांगत फिरली असती, म्हणून शिकवायला बसले.

शिकते कसली, ती कॉम्प्युटरचीच झडती घेत होती. एंटर म्हणजे आपलाच रिटर्न, म्हणाली. दांडा ढकलला की कागद वर सरकायचा आणि ओळ बदलायची. शिफ्ट दाबलं की मशीनचं धूड खरोखरच जागचं हलायचं, म्हणून ते शिफ्ट. इथे काहीच हलत नाही, नाव मात्र तेच ठेवलंय मेल्यांनी. ईमेलमध्ये ‘सीसी’ दिसल्यावर तर ती हसलीच. कार्बन कॉपी! कार्बन पेपर बाजारातून गेला, तरी प्रत आहेच.

खाली ‘बीसीसी’ होतं. इथे ज्याचं नाव घालशील त्याला पत्र मिळतं, पण इतरांना ते नाव दिसत नाही, असं मी सांगितलं. तिचे डोळे चमकले. ही तर आंधळी प्रत, म्हणाली, तुला कधी दाखवलीच नाही मी. मग तिने हातांनी करून दाखवलं. पत्र टाईप झालं की वरचे कागद काढून घ्यायचे. शेवटची प्रत तेवढी पुन्हा मशीनमध्ये चढवायची आणि तिच्यावरच तिसऱ्या माणसाचं नाव टाईप करायचं. पत्र ज्याला जातं त्याला पत्ताच नाही. अशा कितीतरी प्रती तिने वर हेड ऑफिसला पाठवल्या होत्या. सांगताना तिचा चेहरा सत्यनारायणाचा प्रसाद वाटावा तसा प्रसन्न होता.

मला मात्र माझा अर्ज आठवला. मला दिवस गेले होते तेव्हा मी आमच्या विभागाच्या साहेबांना अर्ज केला होता, की काही महिने उशिरापर्यंत थांबवू नका. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून अर्ज द्रौपदीने टाईप करून दिला होता. साहेब म्हणाले, वर कळू न देता सांभाळून घेतो. आठवडाभरात हेड ऑफिसचं पत्र आलं, की नोकरी कायम करता येत नाही. साहेबांनीच चुगली केली असं मी धरून चालले. ते वारले तेव्हा त्यांच्या घरीसुद्धा गेले नाही.

“माझ्या अर्जाचीपण अशी प्रत गेली होती?” मी विचारलं.

तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. “वरून तसं सांगून ठेवलं होतं गं. कुणाला दिवस गेले की कळवायचं. कामाचा भाग होता तो.”

 तरीही शिकवायला बसले होते म्हणून म्हटलं, की एक लक्षात ठेव, इथे ज्याला आंधळी प्रत जाते तो... तिने हात वर केला.

“माका कार्बन शिकवतंस गो?”

पुढचं मी सांगितलंच नाही. म्हटलं, बस शहाणे.

पुढच्याच महिन्यात तिचा ईमेल आला. पाठवला होता सेक्रेटरी सुबोध घाग यांना, आणि सीसीमध्ये आम्ही सगळे सभासद. पाळणाघराच्या गोंगाटाने म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही, तरी खोली ताबडतोब रिकामी करून घ्यावी. झोप लागत नाही! हिचं घोरणं जिन्यात ऐकू येतं.  पण ती खोली गेली तर ही सगळी मुलं कुठे नेणार होते मी?

संध्याकाळी त्याच पत्राला उत्तर आलं, तेही आम्हा सगळ्यांना. पाठवणारा सर्वेश. आईने त्याचं नाव बीसीसीत घातलं होतं आणि त्याने घाईत ‘रिप्लाय ऑल’ दाबलं होतं; मी तिला सांगणार होते ते हेच. ‘आई, फक्त आवाजाचंच लिहिलंस ते बेस्ट. खोली मिळाली की लगेच आपला कॉम्प्युटर क्लास सुरू.’

म्हणे कॉम्प्युटर क्लास.

रविवारच्या मीटिंगमध्ये सुबोधने दोन्ही पत्रं एकामागून एक वाचली. मत घ्यायची गरजच पडली नाही. खोली पाळणाघराकडेच राहिली. द्रौपदी पदराने चष्मा पुसत राहिली. मला तिची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाळणाघराच्या दारात उभी. हातात लॅपटॉप. आवाज खाली आलेला.

“विनी, पाठवलेलं पत्र परत घेता येतं का गं?”

“माझ्या अर्जाची प्रत परत घेतली होतीस?”

 मी दार लावून घेतलं. हळूच लावलं, आत मुलं झोपली होती.