शर्टाच्या खिशातलं कार्ड

माझ्याकडे तुरुंगाच्या गोष्टी पोत्याने आहेत. आगरला कुणाची हळद असो की डहाणूत कुणाकडे पूजा, जेवणं आटोपली की लोक खुर्ची ओढून मला मधोमध बसवतात. ‘तो खोकल्याचं औषध चपातीला लावून खाणारा सांगा.’ मी सांगतो. हातवारे करून, आवाज बदलून, उठून चालून दाखवून सांगतो. पोरंबाळं लोळतात. ही एक गोष्ट मात्र मी त्या पोत्यातून कधी काढलेली नाही. बायकोसमोरही नाही — आणि तिला वाटतं, या माणसाच्या पोटात काही राहतच नाही.

बघा, सुरुवातच मी तुम्हाला हसवून करतोय. सवय आहे. पण या सवयीबद्दलच तर सांगायचंय.

मी तुरुंगाच्या दवाखान्यात औषधं देणारा. कुठल्या तुरुंगात, ते राहू द्या. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट, एक तपासायचं टेबल. डॉक्टर बाहेरून यायचे — मंगळवारी आणि शुक्रवारी. कैद्याला इस्पितळात पाठवायचं तर डॉक्टरांनी लिहून द्यायचं, मग पोलिसांचा गार्ड मागायचा, गाडी मागायची, आणि बहुतेक वेळा उत्तर यायचं — आज माणसं नाहीत. त्यामुळे डॉक्टर लिहिताना हात आखडता घेत. आणि ढोंगी कैदी नव्हते असंही नाही. इस्पितळाची फेरी म्हणजे रस्ता दिसणार, झाडं दिसणार, जमलं तर गेटापाशी बायको दिसणार. मी आत असतो तर मीही पोट धरून लोळलो असतो.

तर आमची एक रीत पडली होती. डॉक्टर आले की आधी चहा. बाहेर कैद्यांची रांग बसलेली. डॉक्टर बशीत चहा ओतत मला म्हणायचे, “काय नाटकवाले, आज कोण कोण आलंय?” आणि मी एकेकाची नक्कल करायचो. दातवाला, मुरड्याचा, छातीत कळ येणारा. डॉक्टर पोट धरून हसायचे. मग रांग आत घ्यायची. म्हणजे माणूस आत येण्याआधीच त्याच्यावर हसून झालेलं असायचं. यात काही चुकतंय, असं मला तेव्हा वाटलं का? खरं सांगू? मला वाटायचं, माझ्यामुळे त्या भिंतींच्या आत जरा करमणूक होते.

नवशा वेवजीकडचा. तिशीचा, ताडावर चढून ताडी उतरवणारा. हाणामारीत कुणाचं तरी डोकं फुटलं, त्यात हाही आत आला. खटला सुरू व्हायचा होता, जामीन राहायला कुणी नव्हतं. त्याची तक्रार एकच — दुखतं. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. आज गुडघा, परवा पाठ, मग खुबा. जागा बदलणारं दुखणं. नक्कल करणाऱ्याला आणखी काय हवं? तो तापल्या वाळूवरून चालावं तसा चालायचा. एक हात कमरेवर, डाव्या पायाची टाच अधांतरी, तोंड मासळीसारखं उघडं. मी ते पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा डॉक्टरांचा चहा सांडला.

मग नवशा खरोखरच आत आला, तस्साच. डॉक्टरांनी तोंडाला रुमाल लावला. साहेब हसताहेत हे पाहून नवशाही हसला.

डॉक्टर घाटावरचे. नवशाची बोली त्यांना कळायची नाही, ती मी सांगायचो. नवशा म्हणाला, “हाडांचे आत कोण दगडां फोडतो, सायेब.” मी डॉक्टरांना सांगितलं, “अंग दुखतं म्हणतो.” खोटं नव्हतं. पण पुरतं खरं होतं का?

मग एका सोमवारी त्याची बायको मुलाखतीला आली. जानी तिचं नाव. औषधाचं काही असलं की गेटावरचा शिपाई मला बोलवायचा, तसं बोलावलं. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. त्यांच्या पाड्यावर कधीतरी रक्त तपासायला लोक आले होते, तेव्हाचं. त्यावर नवशाचं नाव आणि खाली — सिकलसेल.

आमच्या भागात औषधाच्या धंद्यातल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, हाडाला रक्त मिळत नाही. बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र कोणी दगडं फोडतं. मला कार्ड हातात घेतल्या क्षणी सगळं कळलं. हे नीट लक्षात घ्या — मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

“डॉक्टरला दावाल ना, सायेब?”

“उद्याच दाखवतो,” मी म्हणालो आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं.

मंगळवारी डॉक्टर एकटे आले नाहीत. तपासणीला आलेले एक मोठे अधिकारी बरोबर होते. चहा आला. डॉक्टर त्यांना म्हणाले, “साहेब, आमच्या नाटकवाल्यांचा नवशा बघाच.” आणि माझ्याकडे बघून, “होऊन जाऊ दे.”

खिशात कार्ड होतं. मला तिथेच ते टेबलावर ठेवता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं — डॉक्टर, हा खरा आजारी आहे. पण मग ते हसू? तो मोठा अधिकारी खुर्ची वळवून बसला होता — माझ्यासाठी. मी उठलो. कमरेवर हात ठेवला, टाच उचलली, तोंड उघडलं. इतकी चांगली नक्कल मी आधी कधी केली नव्हती. खाली वाकलो तेव्हा कार्डाचा कोपरा छातीला टोचला.

आणि ज्या खिशावर हात ठेवून शाबासकी घेतली, त्याच खिशातून ते कार्ड मग कसं काढणार? शुक्रवारी काढणार होतो. शुक्रवारी वाटलं, विचारतील — सोमवारी आलं तर मंगळवारी का नाही दिलं? पुढच्या मंगळवारी तर आणखीच विचारतील. नवशाला रोज गोळी देत होतो. रोज तो विचारायचा, “कार्ड दावला?” रोज मी ‘हो’ म्हणून मान हलवायचो.

अकराव्या दिवशी तो बराकीत उठलाच नाही. मूत्रही आवरलं नव्हतं. डोळे हळदीसारखे. मग गार्डही मिळाला आणि गाडीही. मी धावत जाऊन कागदांत कार्ड घातलं आणि म्हणालो, “आत्ताच आलंय.” इस्पितळातून निरोप आला की कार्ड होतं म्हणून बरं झालं. डॉक्टरांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

नवशा वाचला. डावा खुबा नाही वाचला. उशीर झाला होता.

त्यानंतरही मी त्याची नक्कल केली आहे. एका हळदीत. लोकांनी आग्रह केला म्हणून नाही. मीच सुरू केली.

पुढे तो सुटला. चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत मी बायकोबरोबर खेळण्यांच्या रांगेपाशी उभा होतो आणि समोरून माझी नक्कल चालत आली. कमरेवर हात, टाच अधांतरी. एक गोष्ट मात्र मी कधी बरोबर केलीच नव्हती — तो मान खाली घालत नाही, वर ठेवतो. झाडांचे शेंडे बघणाऱ्याची मान. आता ताडावर त्याचा भाऊ चढतो.

जानीने पिशवीभर ताडगोळे माझ्या बायकोच्या हातात दिले. म्हणाली, “बाय, यांनी दुसऱ्याच दिवशी कार्ड दावला म्हणून माझा माणूस जगला.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “दुसऱ्याच दिवशी ना, सायेब?”

नवशा माझ्याकडे बघून हसत होता. बायकोही बघत होती.

“हो,” मी म्हणालो. “दुसऱ्याच दिवशी.”

तेव्हापासून दर वर्षी ताडगोळे घरी येतात. बायको सोलते, शेजाऱ्यांना वाटते आणि सांगते कुणाकडून आले, का आले. मी समोर बसून खातो.