तंगीतली मानदेयवाढ

नगर परिषदेत बाबूगिरी केली, की घरी पगार कमी आणि किस्से जास्त येतात! आमची परिषद मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली. गावाचं नाव विचारू नका, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. यंदाचे सगळे किस्से एकाच बैठकीचे. सोयाबीनला भाव नाही, बाजार थंड, घरपट्टी कोणी भरत नाही, आणि आमच्या पार्षदांना, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकांना, मानदेय वाढवून हवं!

*

अजेंड्यावर दोन ठराव होते. पहिला, पार्षदांचं मानदेय, म्हणजे महिन्याचं मानधन, वाढवा. दुसरा, पैसा नाही म्हणून कच्च्या नोकरीतल्या सफाईवाल्या बायकांना काढा.

अध्यक्ष म्हणाले, "बाबूजी, दोनों अलग पन्ने पे टाइप करो. साथ में अच्छा नहीं दिखता."

माझं डोकं सणकलं. मी दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक टाइप केले.

"ये क्या किया?"

"कागज बचाया साहब, तंगी है!"

*

काढायच्या बायकांत रामप्यारी होती. आमचं सभागृह तीच झाडते. एक पार्षद तिला समजावत होते, "बाई, महंगाई है, हमें भी घर चलाना पड़ता है."

तिनं झाडू पुढे केला. "तो लो भिया, पकड़ो. घर तो इससे भी चलता है!"

*

परिषदेसमोरच्या पोहेवाल्यानं तर कमालच केली. पार्षदांच्या प्लेटवर शेवच घालेना! माळव्यात शेवेशिवाय पोहे म्हणजे सरळ अपमान.

"सेव कहाँ है रे?"

"तंगी में बंद है भिया. मानदेय बढ़े तो घर से ले आना!"

*

आमच्या जाधववहिनी निवडून आलेल्या पार्षद. पण बैठकीला येतात त्यांचे यजमान. खुर्चीवर पाटी वहिनींची, टॉवेल जाधवांचा! "मंडळींची सही घरून आणतो," म्हणतात, आणि कोणी हरकत घेत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी वहिनी देवळात भेटल्या. "भाऊजी, रामप्यारीला खरंच काढणार?"

"ठराव पास झाला तर काढणार."

त्यांनी विचारलं, "सभागृह कोणत्या मजल्यावर आहे हो?"

पार्षद होऊन तीन वर्षं झाली!

*

बैठकीत अध्यक्षांनी माझाच कागद उचलला. "दोनों एक ही पन्ने पे हैं, तो एक साथ निपटाते हैं. जो पक्ष में हैं, हाथ उठाएँ!"

माझ्याच आगाऊपणानं रामप्यारीची नोकरी जाणार होती. हात मोजायचं काम माझं. मोजले, तर ठराव बरोब्बर एका हातानं पास होत होता. सगळ्यात उंच हात जाधवांचा.

तेवढ्यात दार उघडलं. जिने चढून धाप लागलेल्या वहिनी आत आल्या. मागे रामप्यारी, हातात झाडू. वहिनी थेट आपल्या खुर्चीपाशी गेल्या, टॉवेल उचलून यजमानांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या,

"अहो, हात खाली करा. तो माझा आहे!"