मामाने भाच्याला बाद दिलं

"डोळ्यांनी पाहिलं ते बोलावं, मनात आलं ते गिळावं," असं एफ्राइम उठता-बसता म्हणायचा. रेवदंड्याच्या वाळूत हुतुतूचा पंच होता तेव्हाही म्हणायचा, आणि साठी उलटल्यावर कॅनडात बेसबॉलचा अंपायर झाला तेव्हाही. धाकटी बहीण जॉयस हे ऐकतच वाढली. तिला या देशात आणलं तेही त्यानेच. पण गेल्या रविवारपासून तिला त्या बोलण्याचा भरवसा वाटेनासा झाला होता.

रविवारी ग्वेल्फला कॉलेजांचा सामना होता. शेवटचा डाव. तिसऱ्या बेसवरचा गडी धाव पुरी करून घरच्या बेसवर पोचला, जॉयसचा गॅब्रिएल दुसऱ्या बेसवर घसरत गेला, आणि जिंकलो म्हणून पोरं मैदानात धावली. तेवढ्यात अंपायरचा हात वर गेला. गॅब्रिएल बेसकडे सरळ न घसरता तिथून पहिल्या बेसकडे चेंडू फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या पायांत शिरला, म्हणून तो बाद, चेंडू मारून पहिल्या बेसकडे पळणारा बाद, आणि जिंकून देणारी धाव रद्द. तो हात मामाचा होता.

आडनावं वेगळी, त्यामुळे नातं कुणी विचारलं नव्हतं. भावानेही सांगितलं नव्हतं. तिथेच जॉयसच्या मनात पाल चुकचुकली. उद्या नातं उघडं पडलं तर लोक म्हणतील, मामाने भाच्याला जिंकवलं. त्या भीतीने याने पोराचा बळी तर दिला नाही? तसं असेल तर भावाला हे दार बंद, असं तिने ठरवून टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी नॉर्थ यॉर्कच्या तिच्या कॉन्डोत मलिदा होता, बेने इस्रायली घरांतला नवसाचा विधी. प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन झालं, गूळ-खोबऱ्याचे पोहे वाटले गेले, आणि शेजारचे नागपूरचे दिलीपराव खजुराच्या बिया टेबलावर मांडून बसले.

"हे पाहा भाऊ, हा बेस, हा आपला पोरगा. एवढंसं तर वाकडं! आमच्या क्रिकेटात याला कोणी विचारत नाही."

"तुमच्या क्रिकेटात चहालाही थांबतात," एफ्राइम म्हणाला. "इथे समोरच्याचा पाय मोडतो."

सगळे हसले. जॉयस हसली नाही.

"भाऊ, गॅब्रिएलच्या जागी परक्याचा पोरगा असता, तर गेला असता हात वर?"

एफ्राइमने बोटाचा गूळ पुसला.

"सांगता येत नाही, जॉई. तुझ्या पोराकडे मी जरा जास्तच बघतो. परक्याचा पाय कदाचित नजरेतून सुटला असता. पण याचा पाय वाकडा गेला, तो मी पाहिला. विचार त्याला."

गॅब्रिएल सोफ्यावर होता. "इट्स ओव्हर, मॉम. ड्रॉप इट."

"सरळ घसरलास की नाही, एवढंच सांग."

"आय सेड ड्रॉप इट!" तो उठला, खोलीत गेला, दार आपटलं.

जॉयस त्या दाराकडे बघत राहिली. संघातली पोरं चार दिवस फोनवर मामाच्या नावाने बोंबलत होती. ह्याने मात्र एक वावगा शब्द काढला नव्हता. तिचा संशय भावावरून उठला आणि त्या बंद दारावर जाऊन बसला. तिथून तिला तो हाकलता येईना.

एफ्राइमने जॅकेट चढवलं. "नातं आधी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलंच. उद्या सामने भरवणाऱ्यांना कळवतो. त्याच्या सामन्यांना मी आता उभा राहणार नाही."

"जेवून जा ना, भाऊ."

"आज नको."

ती बाल्कनीत आली. खाली पार्किंगमधून तो संथ चालत निघाला होता, वर न बघता. शेजारच्या खिडकीत गॅब्रिएल तिच्याआधीच येऊन उभा होता, काचेला कपाळ टेकून, आणि मामा गाड्यांच्या आड जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.