नफीसाआपांचे भिंतीआडचे सामने

सामन्याच्या दिवशी नफीसाआपा आधी चेंडूकडे बघायच्याच नाहीत. त्या वर बघायच्या. मैदानाच्या भिंतीकडेने आतून एक फेरी मारायची, आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्या न्याहाळायच्या, आणि कुठे पुरुष दिसला की शिट्टी. तो खाली उतरेपर्यंत शिट्टी. एकदा एक बिचारा टीव्हीचा अँटेना नीट करत होता, त्यालाही उतरवलं. मी म्हटलं, "आपा, त्याचं लक्ष तरी आहे का इकडे?" तर म्हणाल्या, "त्याचं नसेल गो वहिनी, पोरींचं हाय ना त्याच्याकडे. मग पाय कसे चालतील त्यांचे?"

आपा रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. कुवेतला रुमैथियात मुलींचं एक नर्सिंग कॉलेज होतं, तिथलं वसतिगृह सांभाळायला आल्या आणि खेळाला बाई मिळेना म्हणून खेळही त्यांच्याच गळ्यात पडला. माझी मंदा तिथेच शिकायची. माझे यजमान हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि मी घरी शिवण करायचे.

मुलींच्या कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा काढली ती आपांनीच. पहिल्या वर्षी दुसरं कुठलं कॉलेज यायला तयार नव्हतं, तर यांनी आपल्याच मुलींचे दोन संघ पाडले आणि स्पर्धा झाली म्हणून जाहीर करून टाकलं. पुढच्या वर्षी एक कॉलेज आलं, मग होता होता चार झाली. पुरुष आत नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. वडील, भाऊ बाहेर गाड्यांत बसून राहायचे, आतल्या आरडाओरड्यावरून गोल कुणाचा ते ओळखायचे आणि हमखास चुकायचे. कप वगैरे काही नाही. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना बिर्याणी वाढायची, आणि वाढताना तोंड वाकडं केलं तर आपांचा धपाटा.

गणवेश मी शिवायचे. कापड आपांनी शुवैखच्या एका गोदामातून आणलं होतं, गर्द हिरवं, चांगलं जाड. पूर्ण बाह्यांचे डगले, पूर्ण विजारी. "मळ दिसत नाय आणि फाटत नाय," म्हणायच्या. रुमालाला म्हणून छातीवर खिसेसुद्धा लावून घेतले.

आणि मग नव्वदच्या ऑगस्टात इराकी सैन्य शिरलं.

यजमानांना हॉस्पिटलातच ठेवून घेतलं होतं, म्हणून मी मंदाजवळ वसतिगृहात राहायला आले. सुट्टीत घरी न गेलेल्या थोड्या मुली, आपा आणि मी. घरोघर झडत्या चालल्या होत्या. कुवेती शिपायाचा गणवेश ज्या घरात सापडेल, त्या घरातली माणसं गाडीत घालून न्यायचे. ती परतलेली कुणी पाहिली नव्हती. लोक रातोरात कपडे जाळत होते. मला एकदम आमची कोठीतली गणवेशांची पेटी आठवली. हिरवे जाड डगले, खिशांसकट. लांबून बघितलं तर काय दिसेल सांगा.

"आपा, पुरून टाकू या."

"आणि पुढल्या वर्षी पोरी काय नेसतील? लुगडी?"

"पुढलं वर्ष बघायला जगलो पाहिजे ना आपण."

"तुम्ही नुसत्या घाबरवता बघा, वहिनी."

दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं.

आपांनी मुलींना वर पिटाळलं. पाचसहा शिपाई आणि एक तरुण अधिकारी. कोठीतली पेटी त्यांनी अंगणात आणून उपडी केली आणि हिरव्या डगल्यांचा ढीग पडला. अधिकाऱ्याने बुटाने एक डगला उचलला. आपा अरबी फडाफडा बोलायच्या. मला तुटक कळत होतं. हे मुलींचे खेळाचे कपडे, त्या सांगत होत्या. तो हसला. मुली आणि फुटबॉल? मग बोलाव त्यांना, खेळून दाखवू देत. त्यातला मुलींचा शब्द तेवढा मला तेव्हा समजला, बाकीचं आपांनी मागून सांगितलं. माझी मंदा वर होती.

आपा म्हणाल्या, "नाही. पुरुषांसमोर त्या खेळत नाहीत. त्यांचे बापसुद्धा बाहेर बसतात."

त्याने खांद्यावरची बंदूक हातात घेतली.

आपांनी खाली वाकून एक डगला उचलला आणि आपल्या कपड्यांवरून तसाच चढवला. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मापाचा, पन्नाशीच्या बाईच्या अंगात. बटणं लागली नाहीत. पेटीतूनच घरंगळलेला अर्धवट हवेचा चेंडू पायाशी घेतला आणि भिंतीवर मारला. परत आला, पुन्हा मारला. डाव्या पायाने, उजव्या पायाने. नुसता चेंडूचा आवाज. मग एकदा चेंडू घरंगळत अधिकाऱ्याकडे गेला. त्याने त्यावर बूट ठेवला आणि वर खिडक्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक पडदा हलला.

आपा त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलींना शिकवायच्या तशी पायाच्या टोकाने त्याच्या बुटाखालून चेंडू अलगद काढून घेतला. एक शिपाई फस्सकन हसला, मग बाकीचे. अधिकारी सगळ्यांत शेवटी हसला. कपडे गाडीत टाकून ते निघून गेले.

आपा पायरीवर बसल्या. डगला दंडांत इतका घट्ट रुतला होता की निघेना. मी कात्रीने माझीच शिवण उसवून त्यांना मोकळं केलं.

"आपा, पोरी दोन मिनिटं खाली येऊन गेल्या असत्या, तर तुमच्या जिवावरचं टळलं असतं."

त्या उठल्या आणि फाटकाची कडी लावून आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फाटकाबाहेर हॉर्न वाजला. फटीतून पाहिलं, तोच अधिकारी, एकटा. पुन्हा हॉर्न, चांगला लांबलचक. आपा फाटकाच्या आत उभ्या राहिल्या, ना हलल्या ना बोलल्या. खूप वेळाने गाडी गेल्याचा आवाज आला. तेव्हा म्हणाल्या, "काल पोरी आल्या असत्या ना वहिनी, तर आज तो बाहेर हॉर्न वाजवत बसला नसता, सरळ आत आला असता."

पुढे यजमानांना सोडलं आणि आम्ही सगळे बसने बसरा, बगदाद करत अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आलो. विमानतळावर आपांनी एकेका मुलीचा गाल कुरवाळला आणि रत्नागिरीची वाट धरली. युद्ध संपल्यावर एक्क्याण्णव साली यजमान कामावर परत गेले. ते सांगत होते, मैदानात खंदक खणलेत, सुरुंग आहेत म्हणून कुणी पाऊल टाकत नाही. स्पर्धा पुन्हा भरली नाही. आपाही परत गेल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी आपा वारल्याचं कळलं तेव्हा मंदा माझ्याकडेच आली होती. दोन लेकरांची आई झालेली.

म्हणाली, "आई, त्या दिवशी पडदा माझ्या हाताने हलला होता. आपा आता हाक मारतील, आपल्याला जावंच लागेल, असं धरून मी बुटांच्या नाड्या बांधून बसले होते. सगळ्याच बसलो होतो. त्यांनी हाक मारलीच नाही."