लिंकनच्या पबमधलं बाकडं

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर चहाच्या कपासोबत, करमणूक म्हणून वाचत आले. भूत, आत्मा, संकेत... मला कधीच पटलं नाही. इंटिरियरच्या धंद्यात आहे. लाकूड, माप, पॉलिश आणि डेडलाइन – माझा विश्वास एवढ्यावरच. तरी आज लिहायला बसले, कारण गेल्या हिवाळ्यात माझ्या वडिलांच्या बाबतीत जे झालं, आणि शेवटी माझ्याही, ते अजून नीट पचलेलं नाही.

आम्ही दुबईत, अल बर्शात राहतो – मी, नवरा आणि मुलगी आयशा. माहेर दापोलीजवळचं. अम्मी गेली त्यानंतर मी अब्बांना इकडे घेऊन आले. अब्बांनी उभी हयात आखातात स्वयंपाकी म्हणून काढली. आता त्यांच्याच घशाखाली घास उतरेना. ते रडत नव्हते, चिडत नव्हते, नुसते खिडकीशी बसायचे. ताट पुढे केलं की म्हणायचे, "ठेव गो, नंतर खातो." नंतर कधीच नाही. शर्ट खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर अ‍ॅडमिट करून नळी घालावी लागेल.

त्याच सुमारास आमच्या कंपनीला एका हॉटेलचं काम मिळालं होतं. इंग्लंडमधल्या लिंकन शहरातला एक फार जुना पब बंद पडला, त्याचं आतलं सगळं लाकूडकाम क्लायंटने विकत घेऊन कंटेनरने दुबईला आणलं होतं. दुरुस्ती आमच्या रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये चालू होती. अब्बांना घरी एकटं सोडवेना, म्हणून मी त्यांना डबा घेऊन रोज सोबत नेऊ लागले.

त्या सामानात ओकच्या लाकडाचं एक बाकडं होतं. पाठ माणसाच्या डोक्याहून उंच, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या फळ्या – थंड वारा अडवायला. अब्बा पहिल्याच दिवशी त्यावर जाऊन बसले. "हे कशाचं?" त्यांनी विचारलं. अब्बा पाच वक्त नमाज पढणारे. दारूच्या जागेचं आहे हे टाळून मी अर्धवटच सांगितलं, "विलायतेतल्या जुन्या सराईचं."

दुपारी डबा पाहिला तर रिकामा! मला वाटलं, कुणा कामगाराला दिला असणार. आमचा फोरमन शाजी म्हणाला, "नहीं मॅडम, चाचा ने खुद खाया. मैंने देखा. लेकिन... किसी से बात कर रहे थे. वहाँ कोई था नहीं."

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. घरी मात्र घासभर नाही.

एके संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "अब्बा, तिकडे कसे जेवता हो तुम्ही?"

"ती बाई खायला लावते ना."

"कोण बाई?"

"गोरी. म्हातारी. कमरेला एप्रन. चमचा हातात देते आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत समोरून हलत नाही." मग जरा लाजून म्हणाले, "मला डक म्हणते. डक म्हणजे बदकच ना?"

आयशा खुदकन हसली. "नाना, डक इज अ बर्ड! व्हाय वुड शी कॉल यू दॅट?"

"ते मी कसं विचारणार?" अब्बा म्हणाले. अम्मी गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं होतं. मला मात्र वाटलं, झालं... आता डोक्यावरही परिणाम झाला. मी त्याच रात्री न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल.

मग ग्रॅहम आला. ते लाकूड ज्याच्यामार्फत घेतलं होतं तो हा माणूस, मूळ लिंकनचाच. दुबईत पहिल्यांदाच येत होता. तोवर आमचं बोलणं फक्त ईमेलवर. हॉटेलच्या भिंतीवर पबचा इतिहास लावायचा होता आणि मजकूर माझ्याकडे होता. म्हणून मी त्याला कडक चहा दिला आणि म्हटलं, सांग सगळं.

तो सांगू लागला. लिंकनचं कॅथीड्रल टेकडीच्या माथ्यावर, आणि तिथून खाली उतरणारी गल्ली इतकी खडी की माणसं भिंतीला धरून चालतात. त्या गल्लीच्या मध्यावर हा पब. आधी म्हणे कॅथीड्रलवर काम करणारे पाथरवट तिथे उतरायचे. पुढे मुसाफिरांची सराई झाली, मग पब. कित्येक मालक आले-गेले. अलीकडे चालेना, तेव्हा वर फ्लॅट झाले आणि आतलं लाकूड लिलावात निघालं.

"पण जुनी माणसं आठवण काढतात ती एका मालकिणीची," ग्रॅहम म्हणाला. "माझी आई लहानपणी तिच्याकडे भांडी घासायची. कॅथीड्रलमधून कुणाला शेवटचा निरोप देऊन माणसं खाली उतरायची, आणि त्यातल्या कुणाकुणाला रिकाम्या घरी जाववायचं नाही. अशा माणसाला ती बरोबर ओळखायची. या बाकड्यावर बसवायची, सूप आणायची, चमचा हातात द्यायची आणि तो पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभी राहायची. बीअर मागितली तरी म्हणायची, आधी खा, डक."

माझा हात कपावरच थांबला. "काय म्हणायची?"

"डक. आमच्याकडे लाडाने असंच म्हणतात, सगळ्यांना." तो हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "आर यू ओके?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो उठून अब्बांजवळ गेला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

त्या संध्याकाळी गाडीत मी अब्बांना खरं काय ते सांगितलं – ती सराई नव्हे, पब होता. मला वाटलं रागावतील. पण ते म्हणाले, "मी तिथे तुझी खिचडीच खाल्ली. वाढलं तेवढं तिने." आणि मग, आपणहून, अम्मीबद्दल बोलायला लागले. लग्नानंतर तिने पहिल्यांदा केलेली तिखटजाळ आमटी, तिचं भांडण, तिचं रुसणं... घर आलं तरी गाडीतून उतरेनात. वर आल्यावर आयशाने काही न विचारता त्यांचं पान वाढलं. ते जेवले. घरी, सगळ्यांबरोबर.

सामान हॉटेलवर जायचा दिवस आला. दुपारची वेळ, ट्रक दारात, शाजीची चला-चला म्हणून आरडाओरड चालू – "यल्ला, यल्ला!" बाकडं तेवढं बांधायचं राहिलं होतं. जोड शेवटचे तपासावे म्हणून मी क्षणभर त्यावर टेकले.

आणि माझ्या पाठीवर एक हात आला.

मागे उंच फळी होती. तिथे हात येणं शक्यच नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो तळवा होता – रुंद, ऊबदार, कामाने खरखरीत झालेला. मी घाबरले नाही, हेच अजून नवल वाटतं. एकच आठवलं, की अम्मी गेल्यापासून मी रडलेच नव्हते. तिकिटं, कागदपत्रं, अब्बांचं खाणं, डॉक्टर... वेळच कुठे होता? त्या हाताखाली मी लहान पोरीसारखी रडले. कुणीतरी मशीन बंद केलं. शाजीने माणसांना बाहेर नेलं.

डोळे पुसून पाहिलं तर अब्बा दारात उभे. जवळ आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "मला वाटलंच. आज तुझी पाळी."

काहीजण म्हणतील, अब्बांनी 'डक' हा शब्द पूर्वी कुठल्या तरी गोऱ्या साहेबाकडून ऐकला असेल. असेलही. चमच्याचं काय, एप्रनचं काय? पाठीवरच्या हाताला थकवा म्हणा, मन म्हणा. मी हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं आहे, पटत नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अम्मीच्या कपड्यांची बॅग पहिल्यांदा उघडली. गावाहून आली तशीच कपाटावर पडून होती. अब्बा शेजारी पलंगावर बसले. मी एकेक ओढणी बाहेर काढत होते आणि ते ती कधी, कुठल्या बाजारात घेतली ते सांगत घडी घालत होते.