शहागंजातल्या दावतीत मी उठलो नाही

आधी रफिकचाचांचं नाव. शहागंजातल्या त्यांच्या भट्टीपाशी, हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरलेल्या नानरोट्यांचा जो गोडसर, उबदार दरवळ पहाटेच्या गारव्यात तरंगत असे, त्याच दरवळात माझं शिक्षण पुरं झालं. शाळा तर आठवीतच सुटली होती. सिल्लोडहून आलेल्या मला चाचांनी ना जात विचारली, ना गाव. पीठ मळायला बसवलं.

आज मी कॅनडातल्या एका लहानशा शहरात नान लावतो. तिथं हिवाळा हा ऋतू नव्हे, मुक्कामच. आकाश राखेच्या रंगाचं, आणि तंदूरची धग हीच काय ती ओळखीची. मालक मूळचे आपल्याच शहराचे. माझा कामाचा परवाना त्यांच्या हॉटेलापुरता, आणि कायम वास्तव्याचा माझा अर्ज त्यांच्याच पाठिंब्यावर उभा. त्यांनी हात काढला की अर्ज कोसळणार, आणि बायको-लेकीला तिकडं नेण्याची आशाही. म्हणून आजवर त्यांच्या भुवईकडं बघून मी श्वास घेत आलो. त्यांनीच मला तिकडं बोलावलं, हा उपकार खरा आहे, तो मी नाकारत नाही.

यंदा रजेवर आलो, तर त्यांच्या पुतणीचं लग्न. निमंत्रण द्यायला ते स्वतः दारी आले, सहकुटुंब या म्हणाले. मांडवाच्या कापडातून गाळून आलेलं दुपारचं मवाळ ऊन, मटणाच्या खलियाचा मसालेदार वास, कडक इस्त्रीचा माझा सदरा, शेजारी बायको आणि नवा फ्रॉक सावरून बसलेली लेक. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी आम्ही बसलो. दुसऱ्या बाजूला चाचा, तेही पाहुणेच. तेवढ्यात मालक आले. भट्टी पेटली होती, पीठ तयार होतं, पण नानवाला आलाच नव्हता.

"ऊठ रे, भट्टीवर जा. तू असताना मला कशाची फिकीर?"

लग्नघरी हात लावायला आमच्याकडं कुणी लाजत नाही. 'जरा बघतोस का' एवढं म्हटलं असतं, तर मी बाह्या सारून पळालो असतो. उठायला मी गुडघा टेकलाही होता. मग ते भोवतीच्या मंडळींकडं वळून हसले, "याची फाइल माझ्याकडं हाय. नाय कसं म्हणंल?"

मंडळीही हसली. लेक माझ्याकडं बघत राहिली. बायको कुजबुजली, "जावा की हो, आपलं काम अडलंय." तिचं खोटं नव्हतं.

चाचांचा हात खांद्यावर पडला. "बैठ. तेरेकू दावत पे बुलाए ना? मेहमान है तू. नान मैं लगातूं." आणि उठता उठता मालकांना म्हणाले, "शेठ, मेरी फाइल किधर रखे तुम?"

सत्तरी ओलांडलेला तो माणूस शेरवानी काढून धगीपुढं वाकला. उस्ताद भट्टीवर अन् शागीर्द जेवायला बसलेला, आमच्या धंद्यात याहून मोठी बेअदबी नाही. दोनदा उठावंसं वाटलं. दोन्ही वेळा चाचांनी तिथूनच डोळे वटारले. त्या क्षणी उठणं सोपं होतं, बसून राहणं कठीण. मी बसलो.

"मालक," मी समोरच उभ्या त्यांच्याकडं बघून म्हणालो, "तुमच्या हॉटेलात तुम्ही सांगाल ते काम. इथं मी जेवायला आलोय."

ते पाठ फिरवून पाहुण्यांकडं निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. परतीचं विमान जवळ आलंय आणि तिथं उतरल्यावर काय ऐकायला मिळेल, या विचारानं जीव खालीवर होतो. काढून घेतील पाठिंबा, तर घेवोत. दुसरा मालक शोधीन; नाहीच मिळाला तर इथंच शेंद्र्याच्या रस्त्याला माझी भट्टी लावीन. एखाद्या देशात कायम राहू द्यायचं की नाही, हे दुसरे ठरवतात. पण लेकीच्या डोळ्यांदेखत कसं बसायचं, हे त्यांच्या हातात कधी होतं का, याचा मी अजून विचार करतोय.

चाचा, तिकडं असो की इकडं, माझं घर उभं राहील तेव्हा पहिली दावत तुमची. तुम्ही नुसतं बसायचं. हे देणं मी फेडीन.