न विचारता भरायचा रकाना

पाणी खात्यात ती सव्वीस वर्षं मीटर वाचत होती. खात्याच्या कागदांवर तिचं नाव होतं, हुद्दाही होता, पण तिच्या हद्दीतल्या सातशे घरांत तिला सगळे मीटरबाईच म्हणत. दार वाजलं की आतून कुणीतरी ओरडायचं, "मीटरबाई आल्या, बादली बाजूला घे!" जुन्या इमारतींतले मीटर दाराबाहेर नव्हते. कुणाचा सिंकखाली, कुणाचा मोरीच्या कोपऱ्यात, एका घरी तर चक्क कपाटामागे. तिथवर पोचायचं म्हणजे अख्खं घर ओलांडायला लागे. पसरलेली अंथरुणं, भांडून तोंडं फिरवून बसलेली नवरा-बायको, नापास झालेल्या मुलीचे सुजलेले डोळे, सगळं वाटेत लागायचं. ती गुडघे टेकून बसायची, फडक्यानं काच पुसायची, टॉर्च मारायची, आकडा टिपायची आणि आल्या पावली बाहेर पडायची. कुणी खोदून विचारलंच, की काय हो, वरच्या मजल्यावर एवढा आरडाओरडा कसला, तर म्हणायची, "मला काय माहीत? त्यांचा मीटर मात्र झकास फिरतोय."

यंत्रांशी तिचं वाकडं होतं असं कुणी समजू नये. खात्यानं वह्या काढून घेऊन टॅब दिले तेव्हा बाकीचे आठ दिवस तोंड वाकडं करून बसले होते. ही दोन दिवसांत शिकली आणि मग त्यांनाही तिनंच शिकवलं. वही भिजायची, शाई फुटायची, तीनाचा आठ व्हायचा आणि लोक तिच्या नावानं खडे फोडायचे. त्यातून एकदाची सुटका झाली होती. शाळेसमोरच्या चौकात कॅमेरा बसवावा म्हणून अर्ज फिरला तेव्हा पहिली सही तिची. "चौकातला कॅमेरा समोर दिसतो तरी," ती म्हणाली होती, "माणूस त्याच्याकडे बघून केससुद्धा सारखे करतो."

राजकारणावर ती भरपूर बोले. पाणी कुणी आणलं, कुणी अडवलं, कुणी नुसतं फीत कापून फोटो काढला, सगळं तिला तोंडपाठ. पण मत कुणाला दिलं हे तिनं कधी नवऱ्यालाही सांगितलं नाही. नवरा शिंपी, घराखालीच त्याचं दुकान. दर निवडणुकीला तो विचारायचा, "अगं, निदान पहिलं अक्षर तरी सांग."

"ते माझं आणि माझ्या बोटाचं," ती म्हणायची.

निवडणुकीला चार महिने होते तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी ती निवृत्त मास्तरांच्या स्वयंपाकघरात सिंकखाली बसली होती. आकडा भरला आणि टॅबवर एक नवंच पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'निरीक्षण'. घरात प्रत्यक्ष राहणारी माणसं किती? बाहेरचं कुणी मुक्कामाला आहे का? पत्रकं, फलक, झेंडे दिसले का? पुढच्या खोलीचा एक फोटो. आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'माहिती पाहून भरावी, रहिवाशांना विचारू नये.' ते पान भरल्याशिवाय पुढचं घर काही उघडेना.

"काय झालं? गळतंय का कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"अजून तरी नाही," ती म्हणाली.

पुढच्या खोलीत टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून मास्तर वर्षभर पत्रकं वाटत होते. फोटो काढायला एक क्षण पुरला असता. मास्तरांना कळलंही नसतं, आणि तिला नेमकं तेच खुपलं. ती उठली, हात पुसले आणि टॅब मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग म्हणाले, "ही पत्रकं तुमच्याच खात्याबद्दल आहेत, बाई."

"ठाऊक आहे. मागच्या महिन्यात मलाही दिलंत की. वाचलं मी."

"मग आता काय लिहिणार?"

"तुम्ही सांगाल ते."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "लिहा, सांगायची इच्छा नाही."

तिनं लिहिलं, 'विचारलं. सांगायची इच्छा नाही म्हणाले.' फोटो मागत होता तिथे मीटरचाच आणखी एक फोटो टाकला. पान पुढे सरकलं.

त्याच दिवशी ती तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सकडे गेली. ओट्यापाशी कांदा चिरत असलेली एक अनोळखी बाई तिला बघताच पाठ करून उभी राहिली. मीटरबाईनं आकडा टिपला आणि टॅब नर्सपुढे धरला. 'बाहेरचं कुणी मुक्कामाला' एवढं वाचलं आणि नर्सचा चेहरा उतरला.

"नणंद आहे माझी," ती हळूच म्हणाली. "नवऱ्याचा मार खाऊन आलीय. तो दारोदार शोधतोय तिला. मीटरबाई, हे कोण कोण वाचणार?"

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला उत्तरच ठाऊक नाही. पाण्याचा आकडा कुठे जातो, कोण तपासतो, बिलावर कसा उतरतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण या पानाचं पुढे काय होतं? कुठल्या टेबलावर जातं? "माहीत नाही," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत रहिवाशासमोर असं म्हणायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि जिना उतरताना तिला त्याची भयंकर लाज वाटली. शेवटच्या पायरीवर तिचा निश्चय झाला. यापुढे दाखवल्याशिवाय एक अक्षर भरायचं नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मशीनवरून मान वर केली नाही. "सरकारला माहिती लागतेच. आपण साधी माणसं, आपल्याला काय लपवायचंय?"

"तुमची मापांची वही द्या बरं."

"कशाला?"

"दुकानाबाहेर टांगते. कुणाची कंबर किती, कुणाचा दंड किती. साध्या माणसांचीच मापं आहेत, लपवायचंय काय?"

मशीन थांबलं. "अगं, बायका दुकान फोडतील माझं!"

"आणि त्यांनी तर मापं स्वतःहून दिलीत तुम्हाला," ती म्हणाली आणि भाजी ठेवायला वर गेली.

दहा दिवसांत दोनशे चाळीस घरं झाली. काहींनी हसत हसत सगळं सांगितलं, ते तिनं जसंच्या तसं लिहिलं. एका आजोबांनी "मुक्कामाला जावई, कधी जाणार विचारून सांगा," असं लिहायला लावलं, तेही लिहिलं. पण बहुतेक घरांपुढे मास्तरांचंच वाक्य होतं. अकराव्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "बाई, तुम्ही तो रकाना लोकांना दाखवता?"

"हो."

"अहो, गोपनीय माहिती आहे ती!"

"त्यांचीच माहिती, त्यांच्यापासूनच गोपनीय?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "वरून आदेश आहे."

"मग तो लेखी द्या. त्याखाली सही करणाऱ्याचं नाव मी लोकांना सांगेन आणि पुढचं ते बघून घेतील."

"लेखी नाही आला. फोनवर आला."

"मग मीही फोनवर भरते," ती म्हणाली. साहेबांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. "तुम्ही हट्ट धरलात तर मला काहीतरी करावंच लागेल."

"करा, साहेब. तुमचं तुम्ही करा."

दोन दिवसांनी मेमो आला आणि तिची बदली तक्रार खिडकीवर झाली. तिची हद्द ज्याला मिळाली, त्याच्या उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत. तो पहिल्याच दिवशी खिडकीशी आला.

"ताई, मी काय करू? घरी दोन लहान पोरी आहेत."

"म्हणूनच मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "नोकरी तुझी आहे. तू जे करशील त्यावरून मी तुला नावं ठेवणार नाही."

शिडीनं दोन दिवस मुकाट रकाना भरला. तिसऱ्या दिवशी एका बाईनं त्याला दारातच अडवलं. "मीटरबाई दाखवायच्या. तुम्ही का नाही दाखवत?" पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. संध्याकाळी येऊन तो म्हणाला, "ताई, तुम्ही लोकांना वाईट सवय लावून ठेवलीत," आणि दुसऱ्या दिवसापासून तोही टॅब फिरवून धरू लागला.

मग लोक खिडकीवर येऊ लागले. पहिले आले मास्तर. माझ्या घराबद्दल काय नोंदवलं आहे, कोणाच्या आदेशानं आणि ते कोण वाचतं, एवढे तीन प्रश्न त्यांनी नीट अक्षरात लिहून आणले होते. तिनं अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, पोच दिली. तिचं कामच ते. साहेबांनी तिला शिक्षा म्हणून बसवलं होतं नेमकं तिथे, जिथे प्रत्येक तक्रार घ्यावीच लागते. तीन आठवड्यांत चारशे बारा अर्ज झाले. नर्सनंही एक दिला. तिची नणंद तोवर दुसरीकडे राहायला गेली होती आणि कामाला लागली होती. कुठे, ते नर्सनं सांगितलं नाही आणि मीटरबाईनं विचारलं नाही.

एका सकाळी शिडी धावतच आला. टॅबवरचं ते पान गेलं होतं. ना सूचना, ना परिपत्रक. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "झालं ना मनासारखं? उद्यापासून तुमची हद्द परत घ्या. मेमो मात्र फाइलला राहणार."

"राहू दे. पण साहेब, दुसऱ्या हद्दींत जे भरून गेलं, ते कुठे आहे?"

"पुसलं असेल."

"असेल?"

साहेबांनी पुढची फाइल ओढली.

तिनं स्वतःचा अर्ज टाकला. महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं, 'सदर माहिती नष्ट करण्यात आली आहे.' खाली सही नाही, तारीख नाही. तिनं दुसरा अर्ज टाकला, कोणी नष्ट केली, कधी, कोणासमोर? त्याला उत्तरच नाही.

मधल्या काळात निवडणूक झाली आणि सत्ता पालटली. नवरा म्हणाला, "ते गेले ना आता? सोड की."

"ते गेले म्हणूनच तर," ती म्हणाली. "आयतं भरलेलं कपाट आहे. आता आलेले काय कुलूप लावून किल्ली मला देणार आहेत? आणि अहो, मी मत ह्यांना दिलं असलं तरी हेच म्हणेन."

"म्हणजे ह्यांनाच दिलंस?"

"दिलं असलं तरी, असं म्हणाले मी."

तिसरा अर्ज घेऊन ती मुख्य कचेरीत गेली. रजा टाकून, डबा बरोबर घेऊन. कारकुनानं अर्ज उलटसुलट करून बघितला. "संबंधित साहेब नाहीत. गुरुवारी या."

"किती वाजता?"

"दहाला. पण भेटतीलच असं नाही."

"सव्वीस वर्षं मी बंद दारांवर परत परत गेलेय," ती म्हणाली. "तेवढी पोच द्या."

त्यानं पोच दिली. गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ती तिथल्या बाकावर बसलेली होती, आणि तिच्या शेजारी, हातात आपापले अर्ज घेऊन, मास्तर आणि नर्स.